मेलेल्या झाडांची नावं

चिखलीच्या जुन्या गावठाणात सुभद्राबाईंना ओळखत नाही असं घर सापडायचं नाही, आणि मागच्या दहा वर्षांत उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत त्यांना नावानं ओळखणारं एकही सापडायचं नाही. सोसायटीवाल्यांच्या लेखी त्या म्हणजे निळा डगला घालून पाण्याचा पाइप ओढणारी बागेतली म्हातारी. गावाच्या लेखी खंडूची बायको. खंडूची विहीर आणि विहिरीखालचं रान पालिकेच्या बागेसाठी संपादनात गेलं. त्याच साली आळंदी रस्त्यावर तो डंपरखाली सापडला. चार वर्षांचं पोर पदरात घेऊन सुभद्राबाई आपल्याच गेलेल्या जमिनीवर रोजंदारीनं खड्डे खणायला लागल्या. ही गोष्ट त्र्याण्णव सालची.

जागा नाव घेण्यासारखी नव्हती. एका अंगाला बंद पडलेली दगडाची खाण, दुसऱ्या अंगाला गायरान, मधे खंडूचं रान. तिथं कारंजी आणि हिरवळ करायचं घाटत होतं, तेव्हा तळेगाव दाभाड्याचे उद्धवराव मधे पडले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. त्यांनी अर्ज केले, साहेबलोकांच्या दारात बसून राहिले, आणि हट्टानं पदरात पाडून घेतलं की इथं आपल्या डोंगरातली झाडं लावायची, जितक्या जाती मिळतील तितक्या, आणि प्रत्येक झाडावर त्याच्या नावाची पाटी. आंदर मावळात, भीमाशंकरच्या रानात ते बियांसाठी हिंडायचे. लोकलनं चिंचवडला उतरायचे आणि पुढं बसनं, मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली रोपं घेऊन चिखलीला यायचे. हुंब, वारस, बिवळा, धावडा, मेढशिंगी, शिवण, कुसुम. खाणीच्या मुरमात खड्डा घ्यायचा म्हणजे पहार वाकायची. एका झाडाला दोन दिवस लागायचे.

सुभद्राबाई लहानपणी दुसरीपर्यंत शिकल्या होत्या आणि शिकलेलं सगळं विसरल्या होत्या. सरांनी त्यांना अक्षरं परत शिकवली ती पत्र्याच्या पाट्यांवर. हिरव्या रंगावर पांढऱ्या रंगानं नाव लिहायचं. आधी सर खडूनं काढून द्यायचे आणि बाई त्यावरून कुंचला फिरवायच्या. पाचसहा वर्षांनी खडूची गरज उरली नाही. पाटी खिळ्यानं ठोकायला सरांची सक्त मनाई. स्प्रिंगच्या तारेनं बांधायची, म्हणजे खोड जाड होईल तशी तार सैल होत जाते.

वर्षाची कामं ठरलेली. दिवाळी झाली की खोडांना गेरू आणि चुन्याचा पट्टा द्यायचा, वाळवी चढू नये म्हणून. पौषात कुंपणाकडचं गवत कापून चार हात जमीन मोकळी करायची, कारण बाहेर कुणी कचरा पेटवला की आग आत शिरते. फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत विहिरीवरून पाणी. पडलेलं पान उचलायचं नाही, आळ्यात पसरायचं. हे सांगून सांगून सुभद्राबाईंच्या तोंडाला फेस यायचा, कारण येणारा प्रत्येक नवा साहेब पहिल्याच दिवशी पाचोळा बघून नाक मुरडायचा.

टाळेबंदीच्या दुसऱ्या वर्षी उद्धवराव गेले. त्याच सुमाराला बागेची देखभाल ठेकेदाराकडे आली आणि मधल्या काळात पालिकेत कायम झालेल्या बाई अठ्ठावन्न पुऱ्या होऊन निवृत्त झाल्या. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या नेहमीप्रमाणे फाटकाशी हजर. ठेकेदाराचा सुपरवायझर दिग्विजय हसला आणि त्यानं त्यांचं नाव आपल्या कामगारांत लावून टाकलं. पंपावर समाधान होता, परभणीकडचा, चाळिशीचा माणूस. एकशे शहाऐंशी जातींच्या त्या रानात झाडांची माहिती असलेलं माणूस आता एकच उरलं होतं.

संपादनातून खंडूची पाच गुंठे जागा तेवढी वाचली होती. बागेच्या भिंतीला लागून, वरच्या अंगाला. सातबारा सुभद्राबाईंच्या नावावर होता, पण व्यवहार सगळा मुलाच्या, जयदीपच्या हातात. जयदीप वाईट मुलगा नव्हता. चाकणला एका कंपनीत सात सात महिन्यांच्या बोलीवर त्यानं नोकरी केली, दर वेळी ब्रेक मिळाला, आणि चौथ्या वेळी त्याला परत बोलावलंच नाही. मग त्यानं त्या पाच गुंठ्यांवर पत्र्याचं शेड घातलं आणि साहेबराव नावाच्या माणसाला भाड्यानं दिलं. गाड्यांच्या सुट्या भागांवर क्रोमचा मुलामा चढवायचं काम. करारावर सही सुभद्राबाईंची लागली. जयदीपनं बोट ठेवलं तिथं त्यांनी नाव लिहिलं. त्या भाड्यावर नात योगिनीची शाळा सुरू राहिली, सून मंजुषानं घरात नवी गिरणी घेतली. सगळं बरं चाललं होतं.

पुढच्या फाल्गुनात विहिरीजवळचा वारस पिवळा पडला. मग हुंब. पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी व्हायच्या, आणि नवी पालवी फुटायची ती गुंडाळलेलीच राहायची. सुभद्राबाईंनी बुंधा उकरून बघितला, वाळवी नव्हती. दिग्विजयनं युरिया टाकायला सांगितला, टाकला. उन्हाळा कडक होता, त्यामुळं झाडाला पाणी कमी पडतंय असंच त्यांना वाटलं. त्यांनी आळी रुंद केली. एक दिवसाआडचं पाणी रोज केलं. जे झाड जास्त कोमेजलं त्याच्याशी त्या पाइप धरून जास्त वेळ उभ्या राहिल्या.

पाण्याला पिवळसर झाक होती. समाधाननं दोनदा म्हटलं, “मावशी, पाणी हळदीवानी दिसायलंय.” बाईंना वाटलं, तळ गाठला की विहीर गढुळते, त्यात नवल ते काय.

वैशाखापर्यंत त्यांच्या बोटांना फोड आले. फोड फुटले आणि तिथं खळगे पडले, हरभऱ्याची डाळ मावेल एवढे. दुखायचे नाहीत म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. दवाखान्यात डॉक्टरनं मलम दिलं. समाधान तर अनवाणीच आळ्यांतून फिरायचा, त्याच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत तसंच झालेलं.

एका गुरुवारी, कारखान्यांच्या सुटीच्या दिवशी, बाई घरच्या ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. शेडमधलाच एक कामगार गार पाणी मागायला आला. बीडकडचा होता, तिथंच शेडमागं राहायचा. मंजुषानं तांब्या दिला. तो घ्यायला त्यानं हात पुढं केला आणि सुभद्राबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“हाताला काय झालं रं तुज्या?”

“हे का? क्रोमची भोकं हायेत माय. आमच्या कामात समद्यांलाच पडतेत. दुखत नाहीत, पण भरून बी येत नाहीत.”

बाईंनी आपली बोटं पदराखाली घेतली. मग हळूच विचारलं, “टाकीतलं जुनं पानी कुटं वतता तुमी?”

“मागं बोअर हाय ना कोरडी, तिच्यातच सोडतेत मालक. तवापासून ते न्यायच्या टँकरचा खर्च नाही.” तो पाणी प्याला, तांब्या विसळून ठेवला आणि गेला.

सुभद्राबाई जागच्या हलल्या नाहीत. ती बोअर खंडूनं पाडलेली. पाडली त्या दिवशी सकाळी मशीन सुरू झालं आणि दुपारी खाली विहिरीचं पाणी चिखलासारखं लाल झालं होतं. खंडू कपाळाला हात लावून म्हणाला होता, “दोन्हीचा झरा एकच निगाला की गं.” हे ठाऊक असलेलं माणूस जगात आता फक्त त्या होत्या.

संध्याकाळी जयदीप जेवायला बसला, तेव्हा त्यांनी विषय काढला.

“बोअरमदी काय सोडतोय तो साहेबराव?”

जयदीपनं मान वर केली नाही. “कोरडी बोअर हाय ती.”

“कोरडी तिला पानी लागंना म्हनून. झरा हिरीचाच हाय. तुला ठाव व्हतं?”

“आई, समदा पट्टा असंच करतोय. मी एकट्यानं थांबवून काय व्हनार?”

“मी तुला समद्या पट्ट्याचं इचारलं न्हाई.”

“झाडंच हायेत ती,” जयदीप जरा मोठ्यानं म्हणाला. “आनी आपली बी न्हाईत. आपली व्हती ती जमीन गेली. तिथं तू राबलीस, पेन्शन मिळती, बास झालं. योगिनीची फी काय तो वारस भरनार हाय का?”

सुभद्राबाईंनी दोन्ही हात त्याच्या ताटाशेजारी पालथे ठेवले. जयदीपनं ते खळगे बघितले आणि घास खाली ठेवला. “सांगतो त्याला. बंद करायला लावतो.”

त्यानं सांगितलंही. दोन आठवडे पाणी जरा निवळलं. पण मग बाई एकदा शेडमागं गेल्या, तर बोअरच्या तोंडावर सिमेंटचं झाकण घातलेलं आणि झाकणाखालून नवा काळा पाइप आत गेलेला. त्यांनी वाकून कान लावला. आत पाणी पडत होतं.

पोरगं खोटं बोललं की साहेबरावनं पोराला फसवलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारून जे कळलं असतं ते त्यांना सोसवलं नसतं. घरी येऊन योगिनीच्या वहीतला एक कागद फाडून घेतला. मंजुषा दाराशी उभी होती. तिनं पेन आणून दिलं. पाट्यांवर लिहायच्या तसं एकेक अक्षर सुटं काढत बाईंनी लिहिलं:

“माझ्या जागेत क्रोमचं काम चालतं. त्याचं पाणी बोअरमध्ये सोडतात. बोअरचं पाणी बागेच्या विहिरीत येतं. विहिरीचं पाणी मी झाडांना घालते. झाडं मरतात. येऊन बघा.”

खाली नाव आणि पत्ता घातला. मंजुषानं कागद वाचला. “आत्या, हे दिलं तर घर फुटंल,” एवढंच म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच स्कूटीवर बसवून त्यांना प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात घेऊन गेली.

तपासणीवाले आठ दिवसांत आले. बोअरचं पाणी, विहिरीचं पाणी, आळ्यातली माती बाटल्यांत भरून नेली. अहवाल आला तेव्हा शेडला टाळं लागलं आणि विहिरीवरही लाल फलक लागला. समाधानच्या पंपाची वायर तोडली गेली. शेडला टाळं लागायच्या आदल्या दिवशीच साहेबरावनं टाक्या, मोटारी, सगळं टेम्पोत घालून हलवलं होतं. महाळुंग्याकडे कुठंतरी दुसऱ्याच नावानं त्यानं काम सुरू केल्याचं पुढं कानावर आलं. करारावर त्यानं दिलेला पत्ता खोटा निघाला.

खरी होती ती एकच सही. सार्वजनिक पाणी दूषित केल्याचा गुन्हा जागेच्या मालकिणीवर दाखल झाला. समन्स घेऊन पोलीस दारात आला, तेव्हा तक्रारदाराचं आणि आरोपीचं नाव एकच बघून तोही दोन मिनिटं कागद उलटापालटा करत राहिला.

त्या रात्री जयदीप आईला एवढंच म्हणाला, “आता झालं तुझ्या मनासारखं?” महिन्याभरात त्यानं मोशीला भाड्याचा फ्लॅट घेतला आणि बायकोपोरीला घेऊन गेला. जाताना योगिनी आजीच्या गळ्यात पडून रडली. जयदीप रस्त्यावर गाडीपाशी उभा राहिला, आत आला नाही.

बागेच्या फाटकावर दिग्विजयनं हात जोडले. “मावशी, राग मानू नका. केस तुमच्या नावावर आहे. उद्या वरून विचारलं की आरोपीला कामावर कसं ठेवलं, तर माझी नोकरी जाईल.”

“मी बाहेरून बगीन,” बाई म्हणाल्या.

त्या भिंतीबाहेरून बघायच्या. आठवड्याला दोन टँकर यायचे, ते फाटकाजवळच्या शोभेच्या झुडपांवरच संपायचे. धावडा गेला. बिवळा गेला. मेढशिंगीची साल पापुद्र्यासारखी सुटून खाली पडली. खाणीच्या कडेची झाडं विहिरीच्या पाण्यावर नव्हती, ती तेवढी तगली. बाकी आषाढात पाऊस आला तरी फांद्यांना अंकुर फुटला नाही. ओल्या आभाळाखाली सगळं रान शिशिरासारखं उघडं.

श्रावण लागायच्या आत वाळलेली झाडं तोडायची ठरली, कारण वारा सुटला की फांद्या रस्त्यावर पडायला लागल्या होत्या. पण तोडण्याआधी पंचनामा करायचा, आणि पंचनाम्यात झाडाची जात लिहावी लागते. इथं सगळं अडलं. सरांची नोंदवही ऑफिस हलवताना गहाळ झालेली. पत्र्याच्या जुन्या पाट्या ठेकेदारानं भंगारात घालून नव्या चकचकीत पाट्या लावल्या होत्या, त्यातल्या निम्म्या चुकीच्या झाडांवर. पानं नसलेलं झाड ओळखणार कोण?

दिग्विजय सुभद्राबाईंच्या दारात आला. “मावशी, एक दिवस या. एकच दिवस.”

त्या गेल्या. बरोबर एक कारकून, हातात फळी आणि छापील तक्ते. समाधान रंगाचा डबा घेऊन मागं. तोडायच्या झाडावर तो लाल फुली मारत होता. बोलता बोलता त्याच्या नाकातून रक्त यायचं, ते तो बाहीला पुसायचा.

बाई पहिल्या झाडापाशी थांबल्या. सालीवर तळहात फिरवला. नखानं थोडी साल खरवडून वास घेतला.

“हुंब. लिवा.”

कारकुनानं लिहिलं. पुढचं. “वारस.” त्याच्या पुढचं. “ह्यो बिवळा. चाकू लावला की रक्तावानी चीक येतो ह्याला.” कारकुनानं उगाच पेनच्या टोकानं टोचून बघितलं. काही आलं नाही.

“मेल्यावर कुटला यायला,” बाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत शंभर झाली, चहाला थांबल्या नाहीत. कुठल्या झाडाचं रोप कुठून आलं, कोणतं पहिल्या वर्षी शेळीनं खाल्लं आणि परत फुटलं, कोणतं उद्धवराव आजारी असताना बाईंनी एकटीनं लावलं, हे सगळं त्यांच्या ओठांवर येत होतं. तक्त्यात त्याला रकाना नव्हता. त्या नुसतं नाव सांगत राहिल्या. संध्याकाळी बेरीज झाली. तीनशे बारा झाडं, चौऱ्याहत्तर जाती. त्यातल्या एकोणतीस जातींचं त्या बागेत दुसरं झाड नव्हतं.

शेवटच्या पानावर ओळख पटवणाऱ्याची सही हवी होती. कारकुनानं पेन पुढं केलं आणि मागं घेतलं. “आजी, तुमची चालणार नाही बहुतेक. तुमच्यावर खटला आहे ना.” त्यानं समाधानची सही घेतली. समाधाननं मान खाली घालून सही केली. त्याला त्या चौऱ्याहत्तरातली दहा नावंही सांगता आली नसती.

खटल्याची तारीख दिवाळीनंतर लागली. मंजुषानं वकील बघून दिला होता. वकिलानं बजावून सांगितलं होतं, “आजी, गुन्हा कबूल आहे का असं विचारतील. नाही म्हणायचं. एवढंच. भाडेकरू सापडत नाही तोवर केस लांबवू, कंटाळून सोडून देतील.”

कोर्टात बाकावर सुभद्राबाईंच्या शेजारी कोणीतरी येऊन बसलं. जयदीप होता. दाढी वाढलेली. मायलेक पाच महिन्यांनी भेटत होते. पुकारा झाला तेव्हा त्यानं आईच्या कोपराला आधार देऊन उठवलं.

न्यायाधीशबाई तरुण होत्या. त्यांनी आरोप वाचून दाखवला, सोप्या मराठीत समजावला आणि विचारलं, “गुन्हा कबूल आहे का?”

“पानी मी घातलं,” सुभद्राबाई म्हणाल्या.

वकिलानं त्यांच्याकडे वळून मान हलवली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, “आजी, ते विचारलं नाही. तुमच्या जागेतून विषारी पाणी सोडलं, हे तुम्हाला माहीत होतं का?”

जयदीप मागून पुढं सरकला. “साहेब, तिला न्हवतं म्हाईत. मला व्हतं.”

“तुम्ही कोण? मधे बोलू नका.”

“जागा माजी,” सुभद्राबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “सही माजी. पोराला मी कदी इचारलं न्हाई तिथं काय चालतं. आनी पिवळं पानी दिसत असून मी चार महिनं रोज घातलं. सुकलेल्या झाडाला जास्ती घातलं. कबूल हाय.”

“पुन्हा विचार करा. वकिलांशी बोला हवं तर.”

“केलाय इचार.”

वकिलानं फाइल मिटली. वय, पहिलाच गुन्हा आणि तक्रार स्वतःच केली हे लक्षात घेऊन कोर्टानं थोडा दंड केला आणि त्या दिवशी कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा दिली. साहेबरावचा शोध चालू ठेवावा, असंही पोलिसांना सांगितलं गेलं.

सुभद्राबाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या. अकरा वाजले होते. त्यांच्यापुढं दिवसभर माणसं आली, हात जोडले, तारखा घेतल्या आणि गेली. जयदीप शेजारी बसून होता. एकदा उठून त्यानं पाण्याची बाटली आणली, झाकण काढून आईच्या हातात दिली. बाईंनी ती उजेडात धरून बघितली आणि मग दोन घोट घेतले. जयदीपनं मान फिरवली. त्याचे खांदे हलत होते. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण जाही म्हटलं नाही.

साडेपाचला न्यायाधीशबाई उठल्या. सगळे उभे राहिले, मग खोली रिकामी व्हायला लागली. शिपाई पंखे बंद करत बाकापर्यंत आला.

“आजी, झाली शिक्षा. जावा आता घरी.”

सुभद्राबाईंनी त्याच्याकडे वर बघितलं. “येवडीच?”

“एवढीच.”

जयदीप गाडी काढायला बाहेर गेला. शिपायानं एका बाजूचे दिवे मालवले. बाई अजून बसूनच होत्या.